सहा फुटांचं दावं

मी आयुष्यातले चार महिने गोठ्यात काढले आहेत. हे अलंकारिक नाही. खराखुरा गोठा. एका कडेला आमची म्हातारी तांबडी गाय, दुसऱ्या कडेला माझी खाट, मध्ये कुटाराची, म्हणजे भुशाची, पोती आणि त्या पोत्यांवर माझा ऑफिसचा डबा. वय तेहतीस, सरकारी नोकरी पक्की, लग्न तेवढं व्हायचं होतं. त्याच दिवसांत तुमसरकडच्या एका स्थळानं फोन करून विचारलं, "मुलगी सध्या कुठे असते?" बाबांना खोटं बोलता येत नाही. ते म्हणाले, "गोठ्यात." त्या स्थळाचा पुन्हा फोन आला नाही, आणि माझ्या लेखी करोनाचा तेवढाच एक फायदा झाला.

आमचं घर कारध्याला. वैनगंगेच्या या काठाला आम्ही, त्या काठाला भंडारा, मध्ये पूल. भंडाऱ्यात पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मी लिपिक. देश बंद झाला तेव्हा शाळा, बाजार, एसटी, लग्नं, सगळं बंद झालं. पण नळ बंद करता येत नाहीत, म्हणून माझी कचेरी चालू राहिली. पुलावर पोलिसांना पास दाखवत मी रोज सकाळी पलीकडे जायची आणि संध्याकाळी परत यायची. अख्ख्या गल्लीत बाहेर जाणारी मी एकटी. म्हणजे बाबांच्या हिशेबात रोग आणणारीही मी एकटीच.

बाबा तीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा आणि डॉक्टर इंजेक्शन देतात तेव्हा शिंगं धरणारा माणूस. पण खेड्यापाड्यांत डॉक्टर कधीमधी पोचायचे आणि बाबा सायकलवरून रोज पोचायचे, त्यामुळे लोकांनी 'डाक्टर' ही पदवी बाबांनाच देऊन टाकली होती. लाळ-खुरकुताची साथ आली की ते गावोगाव जाऊन एकच गोष्ट सांगत, "आजारी ढोर दूर बांधा, पण बाकीच्याइले दिसन असं बांधा. एकटं पडलं का ते खाणं सोडते. मंग रोगानं नाही मरत, उपासानं मरते." लहानपणी त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून मी हे इतक्यांदा ऐकलंय की पाढ्यांच्या आधी मला हेच पाठ झालं.

आणि आई. आईला दमा. दोन हिवाळ्यांआधी तिला न्यूमोनिया झाला आणि आठ दिवस ती नाकाला नळी लावून पडून होती. घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, पुन्हा असं झालं तर यांच्यानं झेपायचं नाही. बाबांनी हे आईला कधी सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही एकदाच. पण तेव्हापासून आई खोकली की बाबांच्या हातातलं काम थांबायचं, आणि खोकला थांबला की ते काम पुढे चालू व्हायचं. पुढे जे काही तमाशे आमच्या अंगणात झाले, त्यांच्या मुळाशी एवढीच गोष्ट होती. आई वाचली पाहिजे.

तर बाबांनी मला गोठ्यात हलवलं. पहिल्याच दिवशी त्यांनी गुरांच्या दोराचा एक तुकडा मोजून कापला, बरोबर सहा फूट, आणि दोन्ही टोकांना गाठी मारल्या. हे दावं ते खांद्यावर टाकूनच हिंडत. दारात कोणी आलं की एक टोक त्याच्याकडे फेकत, दुसरं आपल्या हातात धरत, दावं ताणत आणि मग म्हणत, "हं, बोल आता." दूधवाला, कोतवाल, आशाताई, सगळे दाव्याला धरून बोलायला शिकले. गावात कोणी त्यावर हसलं तर बाबांना पर्वा नव्हती. त्यांच्या अंगाला बैलांनी शिंगं मारली होती, हसण्यानं काय होणार?

ताप मोजायचा मामला त्याहून भारी. भंडाऱ्यातल्या औषधाच्या दुकानांतले थर्मामीटर संपले होते. बाबांकडे नोकरीतला जुना, जाडजूड, काचेचा थर्मामीटर होता. तो आजवर कुठं कुठं जाऊन आला होता हे मला पक्कं ठाऊक होतं. जंतुनाशकात तासभर बुडवून ठेवलेला असला तरी काखेत धरताना माझ्या अंगावर काटा यायचा. त्यात बाबांची तीस वर्षांची सवय. गाईचा ताप एकशे एक असला की ती ठणठणीत. पहिले चार दिवस माझा पारा अठ्ठ्याण्णव दाखवायचा आणि बाबा काळजीनं मान हलवून म्हणायचे, "कमी आहे. अशक्तपणा दिसते."

हे सगळं मी सहन केलं. एक गोष्ट मात्र मला लागली. आमच्या स्वयंपाकघराचं दार गोठ्याच्या समोरच उघडतं. पहिल्या आठवड्यात आई दारात बसायची, मी खाटेवर बसायची, आणि बोलता बोलता आई पुढे सरकायची. पापड द्यायला, केसांना तेल लावू का विचारायला, काही ना काही कारणानं. चौथ्यांदा ती अंगणाच्या मध्यावर सापडली तेव्हा बाबांनी टिनाचे दोन पत्रे आणून अंगणात आडवे उभे केले आणि तारेनं आवळून टाकले. "दिसलं का जीव ओढते," एवढंच ते म्हणाले. त्या दिवसापासून आई मला ऐकू यायची, दिसायची नाही. जेवण पत्र्याखालून सरकायचं. बुद्धपौर्णिमेची खीर लांब दांडीच्या फावड्यावर ठेवून पत्र्यावरून आली. मी ती चिडून गाईला घातली आणि नंतर दोन दिवस हळहळले, कारण आईच्या हातची खीर वर्षातून एकदाच होते.

आता शेजारचे काका. आमच्या आणि त्यांच्या वाडीमध्ये बोराटीचं कुंपण आहे, बाबांच्या कमरेएवढं. काका धानाचे शेतकरी, दोन बैल, एक गाय, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर ठाम मत. बाबा आणि ते एका वर्गात होते. एकाच बाकावरून दोघांनी एकत्र नापास होऊन दाखवलं होतं, आणि तेव्हापासून कुठल्याही मुद्द्यावर त्यांचं एकमत झालेलं कोणी पाहिलं नव्हतं. रोज संध्याकाळी पाच वाजता बाबा दाव्याचं एक टोक कुंपणापलीकडे फेकायचे, काका ते धरायचे, आणि वाद सुरू व्हायचा. टीव्हीवरचे लोक टाय लावून जे बोलत होते, तेच आमच्याकडे लुंगी नेसून चालायचं, आणि मला विचाराल तर आमच्याकडचा दर्जा बरा होता.

काकांनी मोबाईलवर कुठूनतरी 'हर्ड इम्युनिटी' हे शब्द मिळवले होते. "हर्ड म्हणजे कळप, डाक्टर," ते बाबांना समजावत. "कळपात एकदा रोग फिरून गेला का कळपच पक्का होते. हे तं आपल्या बापजाद्याइले माहीत होतं. खुरी आली का माह्या बाप काय करे? आजारी बैलाच्या तोंडातली लाळ फडक्यावर घे अन् साऱ्या ढोराइच्या तोंडाले लावे. आठ दिवसांत सारे एकदम पडले, एकदम उठले. काम फत्ते! नाही तं तुमचं सरकारी चालते, आज हे पडलं, महिन्यानं ते पडलं, धानाचा रोवणा गेला वाहून."

"अन् वासरं?" बाबा विचारत. "तुह्या बापानं लाळ लावली तवा वासरं किती गेली ते नाही सांगत तू."

"जी जायची ती गेली. बाकीची पाहाले पाह्यजे होती, गेंड्यासारखी."

"जी जायची ती म्हणजे कोणती? ते तू ठरवशील का?" बाबांचा आवाज इथे चढायचा आणि त्यांची मान नकळत स्वयंपाकघराकडे वळायची.

एकदा त्या वेळी आतून आईचा आवाज आला, "मी काही वासरू नाही." दोघांनीही तिकडे लक्ष दिलं नाही.

काकांकडे मुद्दे खूप होते. "दारं बंद करून रोग मरते का? तो पुलाच्या पलीकडे बिडी ओढत बसला आहे, वाट पाहून राहिला. आज ना उद्या दार उघडनच."

"उघडन. पण तोवर दवाखान्यात खाट रिकामी होईल, सुई निघन, काही तं होईल."

"पूर बांध घातल्यानं थांबते का?"

"थांबत नाही. पण लोक तोवर माडीवर तं चढते!"

नदीकाठच्या माणसांना पुराचा दाखला दिला की पुढे बोलायला जागा राहत नाही. काका त्या दिवशी बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी पाच वाजता ते तयारीनं आले. "तुह्यी पेन्शन घरी चालत येते, डाक्टर. माह्यं धान घरी चालत येत नाही. रोवण्याच्या बाया नाही आल्या तं मी काय सहा फुटावरून चिखलात धानाचे परे फेकू?"  बाबा दावं गुंडाळून घरात गेले आणि रात्री जेवताना आईला म्हणाले की तो बोलला त्यात चूक काही नाही. पत्र्याच्या या बाजूनं मी ते ऐकलं. खरं सांगायचं तर मला दोघांचंही पटायचं, ज्याचं शेवटी ऐकलं असेल त्याचं जरा जास्त.

काका स्वतःच्या मतानं वागतही होते. पहाटे नदीवर अंघोळ, कडू गुळवेलीचा काढा, मास्क हनुवटीला. त्यांचा सिद्धांत असा की चिखलात राबणाऱ्याला हा रोग शिवत नाही. "पायाच्या बोटाइत चिखल्या पाहिल्या का करोना सलाम करून वापस जाते," असं ते पाय वर करून दाखवत. सगळा जून त्यांनी असा मिरवत काढला आणि त्यांना साधी शिंकही आली नाही. बाबांना याचा फार त्रास व्हायचा. मित्र आजारी पडावा असं त्यांना वाटत नव्हतं, पण एखादी शिंक यायला त्यांची हरकत नव्हती.

जुलै लागला, धानाची लावणी म्हणजे रोवणे जोरात सुरू झाले. एका सकाळी सहाच्या सुमारास कुंपणापलीकडून काकांची हाक आली. ही हाक वादाची नव्हती.

"डाक्टर! अबे, गाय अडली!"

मी खाटेवरून उठेपर्यंत बाबा कुंपणावरून उडी मारून पलीकडे गेलेसुद्धा. अडुसष्टाव्या वर्षी, बनियनवर, बोराटीच्या काट्यांवरून. मी मागोमाग धावले. काकांची गाय आडवी पडली होती, वासराचा एकच पाय बाहेर आला होता. पावसाळी सकाळ, गोठ्यात अंधार. बाबांनी एका नजरेत सगळं पाहिलं आणि हुकूम सोडले. साबण, गोडंतेल, गरम पाणी. मला म्हणाले, "मोबाईलची बत्ती धर. अन् सहा फूट दूर राह्य!"

मी दारात उभी राहून बत्ती धरली. बाबांनी कोपरापर्यंत तेल लावलं आणि हात आत घातला. चष्म्यावर वाफ धरायला लागली तसा त्यांनी मास्क ओढून काढला आणि भिरकावला. "मुडपला आहे दुसरा पाय... थांब... थांब माय..." ते गाईशी बोलत होते. पाय सरळ झाला. मग त्यांनी खांद्यावरचं दावं काढलं. तेच, सहा फुटांचं. वासराच्या दोन्ही पायांना फास घातला, आणि दुसरं टोक धरायला काकांना जवळ बोलावलं. दावं निसरडं, दोन वळसे हाताला घेतल्यावर उरलं ते हातभर. त्या हातभर दोरावर दोघे म्हातारे गालाला गाल लावून, कमरेला कंबर भिडवून, एकमेकांच्या तोंडात श्वास सोडत ओढत होते.

"कळ आली, ओढ!"

"ओढून राहिलो नं!"

"अबे खाली ओढ, वर कायले ओढतं!"

"चाळीस वर्षं ढोरं पाळून राहिलो, मले नको शिकवू!"

मी पुढे झाले तर बाबा मागे न बघता ओरडले, "सहा फूट!"

अर्ध्या तासानं कालवड बाहेर आली. ती हलेना. बाबांनी तिच्या नाकात तणसाची काडी घातली, छाती चोळली, पुन्हा काडी घातली, आणि ती शिंकली. मग काकांनी बाबांना मिठी मारली. दोघेही रक्तानं, तेलानं आणि शेणानं माखलेले, दोघेही रडत होते. मला तेव्हा इतका आनंद झाला होता की मी ओरडले नाही. चार महिने ज्या मुलीनं पत्र्याखालून ताट घेतलं होतं, तिनं तो तमाशा बत्ती धरून पाहिला आणि तिच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. ही माझी चूक, आणि ती मला आजही खटकते.

बाबा अंघोळ करून घरात गेले. तो अख्खा दिवस ते आईजवळ बसून कालवडीची गोष्ट सांगत होते. दुसऱ्या दिवशीही सांगितली. प्रत्येक वेळी वासराचे पाय जास्त मुडपलेले असायचे. आई दर वेळी "हो का, बाप्पा!" म्हणायची.

तिसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, काका कुंपणापाशी आले. हातात सुकटीचा डबा होता. डब्याचं झाकण उघडून त्यांनी त्यात नाक घातलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं. "डाक्टर," ते हळूच म्हणाले, "मले सुकटीचा वास येऊन नाही राहिला."

जी सुकट भाजली की चार घरं सोडून पाचव्या घरची माणसं खिडक्या लावतात, तिच्या डब्यात माणसाचं नाक बुडालंय आणि वास नाही. मग हळूहळू बाहेर आलं की काका आठवड्यापूर्वी गुपचूप पवनीकडे एका तेरवीला जाऊन पंगतीत जेवून आले होते. "कळपात जाऊन आलो," असं ते म्हणाले, पण त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं.

 बाबा घरात गेले, आपली उशी उचलली, आईकडे न बघता पत्र्याला वळसा घालून गोठ्यात आले आणि गाईच्या बाजूला, माझ्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, जमिनीवर बसले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी आमच्या सगळ्यांच्या नाकात काड्या घातल्या गेल्या. बाबांचा आणि काकांचा निकाल आधी आला. दोघेही पॉझिटिव्ह. गाडी आली आणि दोघांना शहराबाहेरच्या एका वसतिगृहात घेऊन गेली, जिथे आजाऱ्यांची सोय केली होती. गाडीत बसताना काका गल्लीला हात हलवत होते. बाबांनी मान वर केली नाही.

आईचा निकाल यायला आणखी तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मी किती घाबरले होते हे मला अजून नीट सांगता येत नाही. मी स्वतःही संशयित, म्हणून तिच्याकडे जाता येत नव्हतं. मी पत्र्याला कान लावून बसायची. ती भांडी घासायची ते ऐकायची, झाडायची ते ऐकायची, आणि खोकली की माझा घास हातातच राहायचा. आता मला कळलं की बाबा हातातलं काम का थांबवायचे. "आई, बोटाला चाप लाव," मी ओरडायची. ती ऑक्सिजन मोजायचा चाप लावायची आणि आकडा वाचून दाखवायची, आणि वर म्हणायची, "तू जेवली का? काल तुह्या ताटात भात उरला होता."

तिकडून काकांचा रोज फोन यायचा. त्यांना दोन दिवस ताप आला आणि उतरला, बाबांनाही तसंच. पण काकांचा आवाज काही ठीक नव्हता. "तुह्या बाप दोन घास खाते अन् ताट सरकवते," त्यांनी सांगितलं. "अन् बाई, तो भांडतच नाही. मी मुद्दाम म्हटलं, लॉकडाऊन म्हणजे येड्याचा बाजार. तं म्हणते, हो. मी म्हटलं, काढ्यानंच बरे झालो आपण. तं म्हणते, हो. साठ वर्षांत हा माणूस मले कधी हो म्हणला नाही. मले भेव वाटून राहिलं."

आईचा निकाल निगेटिव्ह आला. माझाही. मी पत्र्यावर हात आपटून ते तिला ओरडून सांगितलं, आणि मग आम्ही दोघी पत्र्याच्या दोन बाजूंना बसून रडलो. बाबांना फोन केला.  त्यांनी विचारलं, "पुन्हा तपासाले सांगतलं का?" दुसऱ्यांदाही ती निगेटिव्हच आली. कशी वाचली, हे कोणालाच ठाऊक नाही. काका म्हणतात, तिची अंगची ताकद. आशाताई म्हणाल्या, नशीब. मला वाटतं बाबा वेळेवर उशी घेऊन उठले, पण मी काही डॉक्टर नाही.

दहा दिवसांनी दोघे परत आले. काका स्वतःच्या घरात गेले ते सरळ कालवड बघायला. बाबांना आणखी आठ दिवस वेगळं राहायला सांगितलं होतं, म्हणून ते गोठ्यात आले आणि मी, चार महिन्यांनी, घरात गेले. आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मग केस हातात घेऊन बघितले आणि म्हणाली, "कुटार आहे यात." तासभर ती माझे केस विंचरत होती.

पण बाबा जेवेनात. पत्र्याखालून ताट सरकवलं की अर्धं तसंच परत यायचं. लाखोरीच्या डाळीचे वडे केले, ते परत आले. वांग्याची भाजी परत आली. मी विचारलं तर म्हणाले, तोंडाला चव नाही. काकांनी पाच वाजता कुंपणापाशी येऊन हाका मारल्या, शिव्या घातल्या, जगातले सगळे देश उघडून टाकले. बाबा म्हणाले, "बरोबर आहे तुह्यं," आणि गाईकडे तोंड करून बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले होते. बघते तर आई अंगणात पकड घेऊन पत्र्याची तार सोडत होती. दम लागत होता, थांबत होती, पुन्हा पिळत होती. मी पिशवी टाकली आणि तिच्या हातातली पकड घेतली. ती पत्रा धरून उभी राहिली, मी तारा कापल्या. पत्रे आडवे झाले तेव्हा असा आवाज झाला की गाय उभी राहिली आणि बाबाही.

"अवं, काय करून राहिली! दूर हो! मी अजून..."

 खुंटीवर धुऊन वाळत टाकलेलं दावं आईनं घेतलं. एक टोक बाबांच्या खाटेच्या पायाला टाकायला मला सांगितलं, दुसरं स्वतः धरलं, ताणलं, आणि त्या टोकापाशी आपली प्लास्टिकची खुर्ची ठेवून तिच्यावर बसली. तोंडाला पदर होता. मग म्हणाली, "तीस वर्षं लोकाइले सांगत फिरले, दूर बांधा पण दिसन असं बांधा. एकटं पडलं का खाणं सोडते. घरात कोणाले सांगतलं? तुम्ही दोघं मोठे भांडले माह्या जिवासाठी. मले एकानं तरी इचारलं का, बाई, तुले काय पाह्यजे?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं.  मग ते माझ्याकडे वळले, मी पकड हातात घेऊन अजून तिथंच उभी होते.

"तुले चार महिने मी पत्र्यामागं बांधलं, बाई," ते म्हणाले. "ढोराले नसतं बांधलं तसं. तुह्या वेळेस हे माह्या ध्यानातच नाही आलं."

त्या चार महिन्यांत मी त्यांना सुनवायला म्हणून किती वाक्यं तयार करून ठेवली होती. रात्री गाईला म्हणून दाखवलेली. त्यातलं एकही आठवेना. मी म्हटलं, "आधी जेवा, बाबा."

मी आतून ताट आणलं आणि आईनं ते पुढे सरकवलं. बाबा खाली बसले आणि तिच्याकडे बघत जेवायला लागले. भात संपला, वरण संपलं, त्यांनी पुन्हा भात मागितला. मी कचेरीत फोन करून उशीर होईल असं कळवलं. कुंपणापलीकडून काका म्हणाले, "डाक्टर, आज काय शिजलं तं सांग, मले वास येत नाही." बाबांनी तोंडातला घास गिळला आणि मोठ्यानं म्हणाले, "तेरवीले जाशील अजून?"